गुण आला, पण कशाने?



आमच्या परळीच्या आसपासच्या खेड्यांत दरवर्षी एक गोष्ट हमखास कानावर येते. कोणी चुलीसाठी तुराट्यांचा भारा उचलायला जातो, कोणी गोवऱ्यांच्या ढिगात हात घालतो, आणि विंचू चावतो. मग धावपळ उडते. एकजण चिंचोका दगडावर घासून दंशाच्या जागी चिकटवतो, दुसरा कांद्याचा रस चोळतो, तिसरा मंत्र टाकणाऱ्याला बोलावून आणतो. रात्र कशीबशी सरते. सकाळी रोगी उठून चहा मागतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, "बघा, गुण आला!"

गुण आला हे खरेच आहे. पण तो कशाने आला? चिंचोक्याने, मंत्राने, की काहीच न करता आला असता? वैद्यकीय संशोधन म्हणजे या एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधण्याची धडपड. हे उत्तर शोधणे किती अवघड असते याची कल्पना आपल्याला सहसा नसते. मोठी यंत्रे, भरपूर पैसा आणि हुशार डॉक्टर असले की नवे औषध सिद्ध होते, असे आपण समजतो. माझे मत थोडे वेगळे आहे. एक रोगी बरा झालेला पाहिला की लगेच विश्वास टाकण्याची आपल्या सर्वांना जी घाई असते, तीच या संशोधनातील सर्वांत मोठी अडचण आहे. आणि ती दूर करण्याची खरी जागा शाळा ही आहे.

लंबक आणि माणूस

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी साध्या लंबकाचा दोलनकाल मोजतात. दोऱ्याची लांबी तेवढी बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे. वीस आंदोलने मोजायची. चूक झाली तर पुन्हा मोजायची. लंबक तक्रार करीत नाही.

आता लंबकाच्या जागी रोगी माणूस आहे असे समजा. लंबक आपोआप बरा होत नाही, माणूस होतो. "हा दोरा फार चांगला आहे हं," असे सांगितल्याने लंबक वेगळा झुलत नाही; माणसाला मात्र "हे औषध चांगले आहे" असे सांगितले की थोडे बरे वाटू लागते. लंबक प्रयोग अर्धा टाकून गावाला जात नाही, माणूस जातो. आणि लंबकाची परवानगी घ्यावी लागत नाही. माणसाची घ्यावीच लागते. वैद्यकीय संशोधनातील बहुतेक अडचणी या चार गोष्टींतून निघतात. त्या एकेक करून पाहू.

आपोआप बरे होणारे रोगी

विंचू चावलेल्यांपैकी बहुतेक जण वेदना सोसून एकदोन दिवसांत बरे होतात. विंचवाने विष किती टोचले, विंचू कोणत्या जातीचा होता, रोग्याचे वय काय, यांवर पुढचे सारे अवलंबून असते. मोठी काळी इंगळी पाहिली की आपली भीतीने गाळण उडते; पण जीवघेणा ठरतो तो बहुधा लहान लाल विंचू. शास्त्रीय भाषेत त्याला हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणतात. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव मेसोब्युथस टॅम्युलस असे आढळते.

आता एक हिशोब करू. समजा, एका मंत्र टाकणाऱ्याकडे वर्षभरात १०० रोगी आले आणि त्यांतील ९५ जण काहीही न करता बरे होणारच होते. मंत्राचा परिणाम शून्य मानला तरी त्याच्या नावावर ९५ यश जमा होतील! उरलेल्या पाचांविषयी लोक म्हणतील, "त्यांची वेळच भरली होती." असा माणूस लबाड असण्याची मुळीच गरज नाही. त्याचा स्वतःचाही मंत्रावर पूर्ण विश्वास बसतो.

हा हिशोब मी पुस्तकातून शिकलो नाही. मी सातवीत असताना आमच्या गल्लीतील माझ्याच वयाच्या एका मुलाला कडब्याच्या गंजीजवळ विंचू चावला. मंत्र टाकणारा आला, मुलगा सकाळपर्यंत बरा झाला, आणि सगळ्या गल्लीचा त्या माणसावर विश्वास बसला. दोन वर्षांनी त्याच मुलाच्या धाकट्या बहिणीला विंचू चावला. पुन्हा तोच माणूस आला. मध्यरात्री पोरीला दरदरून घाम सुटला, हातपाय बर्फासारखे गार पडले, श्वास लागला. जीपची सोय होईपर्यंत पहाट झाली, आणि पोर वाटेतच गेली. त्या माणसाने कधी कोणाकडून पैसा घेतला नव्हता. त्या दिवशी तो ओट्यावर बसून रडला. त्याच्याजवळ चांगुलपणा होता, हिशोबाची वही नव्हती.

वही ठेवणारा डॉक्टर

अशी वही ठेवणारा एक डॉक्टर त्याच काळात महाराष्ट्रात होता. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळ जालना जिल्ह्यातील देहेड गावचे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातलेच. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ साली ते कोकणात, महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने लहान मुले डोळ्यांदेखत दगावत. पाठ्यपुस्तकांत यावर खात्रीचा उपाय नव्हता.

बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून नोंदी करायला सुरुवात केली. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा सुटला, हातपाय गार केव्हा पडले, श्वास केव्हा लागला, हे सारे वेळेनुसार लिहून ठेवले. धोक्याची पूर्वचिन्हे कोणती, हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रोगी का दगावत होते? विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये शरीरात पुराप्रमाणे सुटतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात. पदार्थविज्ञानाचा एक नियम येथे उपयोगी पडतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाने तिच्यातून वाहणारा द्रव सोळावा हिस्सा उरतो. म्हणजे रक्तवाहिन्या थोड्या जरी आवळल्या, तरी हृदयाच्या पंपावर केवढा ताण पडत असेल पाहा! पंप थकतो, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाणी साठते. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे औषध रक्तदाबासाठी त्या वेळी उपलब्ध होते. ते विंचूदंशावर वापरून पाहण्याची कल्पना बावस्करांनी उचलली, आणि त्यांचा व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा त्याविषयीचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला.

बावस्करांनी दिलेले आकडे बोलके आहेत. १९६१ ते १९८३ या काळात विंचूदंशाने फुप्फुसांत पाणी झालेल्या १०० रोग्यांपैकी २५ ते ३० दगावत. नवे उपचार जेथे वेळेवर मिळू लागले, तेथे तीव्र दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकच्याही खाली आले.

माझ्या गल्लीतील ती मुलगी गेली, तेव्हा १९८६ साल मागे पडून बरीच वर्षे झाली होती. ज्ञान छापून झाले होते; ते आमच्या गल्लीपर्यंत आले नव्हते. संशोधन गावापर्यंत पोहोचवणे हीदेखील संशोधनाचीच एक अडचण आहे, हे मला तेव्हापासून पटलेले आहे.

'आधी' आणि 'नंतर' पुरेसे नाही

तुम्ही म्हणाल, आता तर सिद्धच झाले! पूर्वी इतके मरत, आता इतके कमी मरतात. येथेच थोडे थांबा. दरम्यानच्या वर्षांत रस्ते सुधारले, वाहने वाढली, रोगी लवकर दवाखान्यात येऊ लागले, डॉक्टरांचा अनुभव वाढला. यांतील कशाचा वाटा किती? लंबकाचा दोरा बदलताना आपण गोळाही बदलला, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येईल का? म्हणून एकाच काळातील, एकाच ठिकाणचे, सारख्या स्थितीतील रोगी घेऊन दोन गटांची तुलना करावी लागते. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरच्या मनावर सोडायचे नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने ठरवायचे. नाहीतर नकळत धडधाकट रोगी एका गटात आणि अशक्त रोगी दुसऱ्या गटात जाऊन बसतात.

पुढे लाल विंचवाच्या विषावरचे प्रतिविष मिळू लागले, तेव्हा प्रश्न पडला की प्राझोसिनच्या जोडीला तेही दिले तर अधिक फायदा होतो का? महाडमध्ये ७० रोग्यांची अशी तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. ३५ जणांना नुसते प्राझोसिन दिले, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनंतर पहिल्या गटातील ८ जण पूर्ण बरे झालेले होते, तर दुसऱ्या गटातील ३२.

या प्रयोगातील एक गोष्ट ध्यानात घ्या. 'काहीच औषध नाही' असा गट त्यांनी ठेवला नाही. प्राझोसिनने जीव वाचतो हे ठाऊक असताना ते कोणाला नाकारणे म्हणजे पाप झाले असते. शास्त्राला तुलना हवी असते आणि माणुसकीला उपचार. दोघांचा मेळ घालताना संशोधकाची खरी कसोटी लागते.

दुसरी गोष्ट अशी की, कोणाला काय मिळाले हे या प्रयोगात डॉक्टरांना आणि रोग्यांना ठाऊक होते. शक्य असेल तेथे दोघांनाही ते कळू देत नाहीत. अशा पद्धतीला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. कारण उघड आहे. आपल्या आवडत्या औषधाचा रोगी डॉक्टरला जरा जास्तच टवटवीत दिसतो, आणि रोग्यालाही तसेच वाटते. महाडच्या संशोधकांनी आपल्या प्रयोगाची ही मर्यादा लेखाच्या शीर्षकातच लिहून टाकली. हा प्रामाणिकपणा मला त्या आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो.

आणि तिसरी गोष्ट. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ट्युनिशिया या आफ्रिकी देशातील असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. तेथे ८२५ रोगी होते, म्हणजे महाडच्या दहापटीहून अधिक. दंश सौम्य असो वा तीव्र, दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांना सरसकट प्रतिविष देऊन काही लाभ होत नाही, असे तेथे दिसले. मग खरे कोण? दोघेही खरे असू शकतात. तेथील विंचू वेगळे, आणि प्रश्नही वेगळा. सरसकट सगळे रोगी घेतले की आपोआप बरे होणाऱ्यांचीच गर्दी होते आणि औषधाचा परिणाम त्या गर्दीत दिसेनासा होऊ शकतो. म्हणून 'हे औषध चांगले आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी, केव्हा, कशाच्या तुलनेत, हे त्यात असले पाहिजे.

मोजणीतून सुटणारी माणसे

आता प्रयोग अर्धा टाकून जाणाऱ्यांकडे वळू. आपल्या बीड जिल्ह्याइतके याचे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. समजा, एखाद्या संशोधकाने जूनमध्ये एखाद्या गावातील ४०० माणसांची तपासणी केली आणि डिसेंबरमध्ये तो पुन्हा मोजायला आला. त्याला काय दिसेल? निम्म्या घरांना कुलपे! ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि काही मुले. उरलेल्यांवरून साऱ्या गावाचा निष्कर्ष काढला तर तो चुकणार. आणि जे अंगमेहनत करतात, ज्यांना आजार होण्याची शक्यता अधिक, नेमके तेच मोजणीतून सुटणार.

दवाखान्यातील आकड्यांचेही तसेच. वाटेत दगावलेली आमच्या गल्लीतील मुलगी कोणत्याच दवाखान्याच्या वहीत नाही. ज्यांच्यापर्यंत उपचार पोहोचत नाहीत, त्यांच्यापर्यंत मोजणीही पोहोचत नाही.

यावर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एक मार्ग दाखवला. नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास त्यांनी दवाखान्यात बसून केला नाही. गावोगाव जन्म आणि मृत्यू नोंदवले. ३९ गावांत गावातल्याच शिकवून तयार केलेल्या स्त्रियांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत १,००० जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ती ४७ गावे नसती, तर 'काळ बदलला म्हणून मृत्यू घटले' असे कोणीही म्हणू शकला असता.

परवानगीचा प्रश्न

शेवटची अडचण सर्वांत नाजूक आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील छोट्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना ती टोचण्यात आली. लस न घेतलेल्या कैद्यांत रोग व मृत्यू अधिक आढळले, आणि लसीचा उपयोग दिसून आला. हाफकिन यांचे धाडस थोरच होते. पण आज आपण विचारले पाहिजे की, तुरुंगातील माणूस 'नको' असे मोकळेपणाने म्हणू शकतो का?

म्हणूनच आज नियम आहेत. प्रयोगाआधी नीतिविषयक समितीची संमती लागते. रोग्याला समजेल अशा भाषेत सारे सांगून त्याची परवानगी घ्यावी लागते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय जाणत्या मुलाचा स्वतःचा होकारही विचारावा लागतो. आपल्या देशात २००७ साली औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून त्यात चाचणी आधीच नोंदवणे बंधनकारक झाले. त्यामुळे नको असलेला निष्कर्ष गुपचूप दडपून टाकणे अवघड होते. या नियमांमुळे कागदपत्रे वाढतात आणि वेळ जातो, अशी तक्रार ऐकू येते. ती खोटी नाही. तरीही हा वेळ वाया जातो असे मला वाटत नाही. ज्याच्या शरीरावर प्रयोग होतो त्याच्या अंगठ्याची किंमत शास्त्रज्ञाच्या सहीपेक्षा कमी नसते.

मग आपण काय करायचे?

आमच्या गावच्या देवाचे नाव वैद्यनाथ, म्हणजे वैद्यांचा स्वामी. पण त्या गावातही आजार झाला की 'अमक्याला गुण आला' ही ऐकीव गोष्टच आधी पोहोचते. आता तर ती मोबाईलवरून क्षणात शंभर घरी जाते. म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे की, असा दावा ऐकला की चार प्रश्न विचारायचे. किती जणांना दिले आणि त्यांतले किती बरे झाले? ज्यांना दिले नाही त्यांचे काय झाले? मोजणीतून कोण सुटले? आणि मोजणाऱ्याला हे उत्तर आधीपासूनच हवे होते का? आजीचा काढा असो वा मोठ्या कंपनीची महागडी गोळी, प्रश्न हेच. आजीला हसायचे नाही आणि गोळीपुढे मान तुकवायचीही नाही.

शिक्षकमित्रांनाही एक सुचवावेसे वाटते. वर्षातून एक तास यासाठी द्या. फळ्यावर गावातला एखादा प्रचलित दावा लिहा आणि तो तपासायचा तर कोणते दोन गट लागतील, काय मोजावे लागेल, कोण सुटून जाईल, कोणाला विचारावे लागेल, हे मुलांकडून काढून घ्या. प्रयोग फक्त कागदावर. कोणालाही काही खायला-प्यायला द्यायचे नाही. लंबकाचे सूत्र मुले परीक्षेनंतर विसरतील. हा तास बहुधा विसरणार नाहीत.

आणि एक गोष्ट मात्र आजच पाठ करा. विंचू चावला आणि घाम, उलटी, गार हातपाय, श्वास लागणे यांतील काही दिसले, विशेषतः लहान मुलात, तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठा. वर सांगितलेले औषध घरी आणून देऊ नका. त्याने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. विंचू काढण्यासाठी वा मंत्रासाठी थांबू नका.

ज्यांनी रात्र-रात्र जागून वह्या भरल्या, त्यांच्यामुळे आज हे खात्रीने सांगता येते. पुढची वही तुमच्यापैकी कोणीतरी भरावी. त्यासाठी मोठे शहर लागत नाही. बिरवाडीलाही ते झाले होते.